वाचकांचे प्रश्न : दक्षिण टिरोल, एक सीमाभाग आणि त्याचा कारभार

युरोपातील सीमाभागांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या एकाच प्रांताकडे वळणारे होते. म्हणून या अंकातील सदर त्या प्रांतासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने डोंगरातल्या सहलीचे फोटो पाठवले. तो म्हणतो की आम्ही इटलीत होतो. पण फोटोतल्या गावाच्या पाटीवर वर जर्मन नाव आहे आणि खाली इटालियन, तेही अगदी वेगळेच. हा भाग नेमका कुठे येतो, आणि एका गावाला दोन नावे कशी? (वाचक, नाशिक)

उत्तर : आपला भाचा इटलीतच होता. त्या प्रांतातले सुमारे सत्तर टक्के लोक मात्र घरात जर्मन बोलतात. प्रांताचे जर्मन नाव 'झ्यूटिरोल', म्हणजे दक्षिण टिरोल, तर इटालियन नाव 'आल्तो आदिजे', म्हणजे आदिजे नदीचे वरचे खोरे. ही दोन नावे दोन दिशांनी ठेवलेली आहेत. जर्मन नाव इन्सब्रुककडून, म्हणजे ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या राजधानीकडून, दक्षिणेला पाहते आणि इटालियन नाव नदीच्या काठाने खालून वर येते. इटालियन नाव मूळचे नेपोलियनच्या काळातले. तेव्हा या नावाचा एक प्रशासकीय विभाग होता, त्याचे मुख्य ठिकाण त्रेंतो होते आणि आजच्या प्रांताचा सगळा मुलूख त्यात नव्हता.

प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडे कमीच. लोकसंख्या मात्र अवघी पाच लाख चाळीस हजारांच्या आसपास भरते. याचे कारण जमिनीच्या उंचीत आहे. प्रांताची जवळजवळ दोन तृतीयांश जमीन १,५०० मीटरच्या वर आहे (आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले की अंदाज येईल), आणि पश्चिमेकडचे ऑर्ट्लर हे सर्वोच्च शिखर ३,९०५ मीटरपर्यंत जाते. त्यामुळे माणसांची दाट वस्ती, सफरचंदाच्या बागा, रेल्वे आणि महामार्ग हे सगळे नद्यांच्या अरुंद खोऱ्यांतच एकवटले आहे.

ही खोरी समजली की प्रांत समजतो. आदिजे नदी, जर्मनमध्ये 'एट्श', वायव्येला १,५०४ मीटर उंचीच्या रेशेन खिंडीजवळ उगम पावते, मेरान शहरापर्यंत पूर्वेकडे येते आणि तिथून दक्षिणेला वळून राजधानी बोल्त्सानोकडे (जर्मन नाव बोत्सेन) उतरते. दुसरी नदी आयझाक, इटालियनमध्ये इझार्को, ब्रेनर खिंडीतून खाली येते. तिला ब्रिक्सेन येथे पूर्वेकडून आलेली रीन्त्स मिळते, आणि हे सगळे पाणी बोल्त्सानोच्या किंचित खाली आदिजेत जाते. पुढे नदी सालुर्न गावाजवळच्या डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेने त्रेंतोकडे निघते. सालुर्नच्या खाली इटालियन बोलली जाते आणि वर मुख्यतः जर्मन, अशी स्थिती गेली कित्येक शतके आहे.

ब्रेनर हा आल्प्सच्या मुख्य रांगेतला सर्वांत सोपा रस्ता मानावा लागेल. त्याची उंची जेमतेम १,३७० मीटर आहे, आणि १८६७ मध्ये तिथून रेल्वेही धावू लागली. मध्ययुगातले टिरोलचे राज्य या खिंडीच्या दोन्ही बाजूंना वाढले ते याच सोयीमुळे. ज्या किल्ल्यावरून टिरोल हे नाव पडले, तो किल्ला खिंडीच्या दक्षिणेला, मेरानजवळ, म्हणजे आजच्या इटलीत आहे. थोडक्यात, ब्रेनर हे त्या मुलखाचे दार होते. १९१९ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यातली नवी सीमा आखणाऱ्यांनी ते भिंत म्हणून वापरले, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ तिथे आहे.

गावांच्या नावांची गोष्ट त्यानंतरची. एत्तोरे तोलोमेई नावाच्या राष्ट्रवादी इटालियन अभ्यासकाने १९१६ मध्ये या मुलखातल्या हजारो जर्मन नावांना इटालियन पर्याय देणारी यादी छापली. त्यातली काही नावे आधीपासून इटालियन लोकांच्या वापरात होती, काही जर्मन नावाला इटालियन शेवट जोडून घडवली होती, तर काही जुन्या रोमन काळातून उकरून काढली होती. 'श्टेर्त्सिंग'चे 'व्हिपितेनो' झाले ते या शेवटच्या प्रकारातून. फॅसिस्ट राजवटीत हीच यादी सरकारी झाली, आणि 'टिरोल' हा शब्द वापरण्यावर बंदी आली. आज पाटीवर दोन्ही नावे दिसतात खरी, पण त्यांचे कायदेशीर स्थान नेमके काय असावे यावर अजूनही वाद होतात.

प्रश्न : इटलीत 'प्रदेश' मोठा आणि 'प्रांत' त्याच्या पोटात, असे वाचले होते. मग बोल्त्सानो या प्रांताला प्रदेशापेक्षा जास्त अधिकार कसे? आणि हा भाग इटलीकडे गेलाच कसा? (वाचक, पुणे)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

पहिल्या महायुद्धात इटलीने आपल्या बाजूने उतरावे म्हणून ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये एक गुप्त करार केला आणि ब्रेनरपर्यंतचा मुलूख इटलीला कबूल केला. युद्धानंतर सप्टेंबर १९१९ च्या सँ-जर्मँ तहाने तो दिला गेला, आणि ऑक्टोबर १९२० मध्ये इटलीने तो रीतसर सामील करून घेतला. १९१० च्या गणनेत तिथले जवळजवळ नव्वद टक्के लोक जर्मनभाषक होते आणि इटालियन भाषक तीन टक्क्यांच्या आसपास. इटलीचा युक्तिवाद भाषेचा नव्हता, पाणलोटाचा होता. जिथले पाणी एड्रियाटिक समुद्राकडे जाते तिथपर्यंत इटली, असे मांडले गेले. तोही नियम शेवटपर्यंत पाळला गेला नाही. पूर्वेला तोब्लाख गावाजवळच्या सपाटीवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. पश्चिमेचे पाणी रीन्त्समधून आदिजेकडे जाते आणि पूर्वेचे द्राव नदीतून डॅन्यूबकडे, म्हणजे थेट काळ्या समुद्राकडे. इनिखेन हे गाव या पूर्वेच्या उतारावर आहे, तरीही ते इटलीत आहे. नकाशा जवळ असेल तर ही जागा जरूर शोधून पाहावी. 'नैसर्गिक सीमा' हा शब्द किती सैलपणे वापरला जातो, ते तिथे डोळ्यांना दिसते.

१९२२ नंतर मुसोलिनीच्या सरकारने जर्मन शाळा बंद केल्या, कचेऱ्यांतून जर्मन काढून टाकली आणि बोल्त्सानोत कारखाने उभारून इटालियन कामगार आणून वसवले. मुले घरांतून, माळ्यांवरून चोरून जर्मन शिकत. त्या वर्गांना लोक 'काटाकोम्बेनशूलेन', म्हणजे भुयारी शाळा म्हणत. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून लोकांपुढे पर्याय ठेवला : जर्मन राहायचे असेल तर जर्मनीत जा, इथे राहायचे असेल तर इटालियन व्हा. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याचा पर्याय निवडला आणि प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार गेले. एकाच घरात जाणारे आणि राहणारे असे दोन तट पडले, आणि त्याची सल पुढच्या पिढ्यांपर्यंत राहिली.

कचेरीची भाषा ही किती जिवाशी येणारी गोष्ट असते, याचे एक उदाहरण रेशेन खिंडीजवळ उभे आहे. ग्राउन नावाच्या गावाजवळ वीजनिर्मितीसाठी धरण बांधून पाण्याची पातळी बरीच वाढवायची होती. त्याची सूचना १९४० मध्ये गावात लावली गेली ती इटालियनमध्ये, जी बहुतेक गावकऱ्यांना वाचताच येत नव्हती. १९५० मध्ये गाव पाण्याखाली गेले. चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा तेवढा राखला गेला. आजही तलावाच्या मध्यातून तो एकटा वर आलेला दिसतो, आणि हिवाळ्यात पाणी गोठले की लोक त्याच्यापर्यंत चालत जातात. पर्यटकांच्या कॅमेऱ्यात हे दृश्य फार सुंदर दिसते. त्याच्या तळाशी घरे होती, हे मात्र विसरू नये असे मला वाटते.

युद्ध संपल्यावर ५ सप्टेंबर १९४६ रोजी पॅरिसमध्ये इटलीचे पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर यांनी करार केला. सीमा ब्रेनरवरच राहील, पण जर्मनभाषकांना स्वायत्तता आणि भाषेचे समान हक्क मिळतील, असे ठरले. आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. १९४८ मध्ये स्वायत्तता दिली गेली खरी, पण ती बोल्त्सानो प्रांताला न देता, जवळजवळ पूर्णपणे इटालियन असलेला शेजारचा त्रेंतो प्रांत जोडून तयार केलेल्या 'त्रेंतिनो-आल्तो आदिजे' या प्रदेशाला दिली गेली. प्रांतात मोजले तर जर्मनभाषक बहुसंख्य होते, प्रदेशात मोजले तर एक तृतीयांशाहून कमी. कागदावरची स्वायत्तता त्रेंतोच्या हाती गेली. या मुलखाचा सगळा प्रशासकीय इतिहास मला या एका गोष्टीत दिसतो : माणसे तीच आणि गावेही तीच, पण मोजणीचा घटक बदलला की बहुसंख्य कोण हेच बदलते.

लोकांनाही हे बरोबर कळले होते. बोल्त्सानोत पाच हजार घरांची नवी वसाहत बांधण्याची सरकारी घोषणा झाल्यावर, बाहेरून आणखी इटालियन आणले जाणार या भीतीने, नोव्हेंबर १९५७ मध्ये झिगमुंड्सक्रोन किल्ल्यावर सुमारे ३५ हजार लोक जमले. झ्यूटिरोलर फोल्क्सपार्टाई (दक्षिण टिरोल जनता पक्ष) या जर्मनभाषकांच्या पक्षाचे नेते सिल्व्हिउस मान्यागो यांनी तिथे दिलेली घोषणा 'रोमपासून सुटका' अशी नव्हती, 'त्रेंतोपासून सुटका' अशी होती. ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि १९६० व १९६१ मध्ये दोन्ही देशांनी वाटाघाटी कराव्यात असे ठराव झाले. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे ३७ मनोरे सुरुंगांनी उडवले गेले. एक निरपराध रस्ता-कामगार त्यात मेला, आणि पुढची काही वर्षे हिंसाचारात गेली. अखेर १३७ उपायांची एक योजना तयार झाली. स्थानिक लोक तिला नुसते 'पाकेट' म्हणतात. नोव्हेंबर १९६९ मध्ये मेरानच्या अधिवेशनात मान्यागोंच्या पक्षाने ती थोड्याच मताधिक्याने स्वीकारली, आणि जानेवारी १९७२ मध्ये दुसरा स्वायत्तता कायदा लागू झाला. ऑस्ट्रिया आणि इटली यांनी आपला वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले ते मात्र १९९२ मध्ये. म्हणजे कबूल केलेल्या उपायांची अंमलबजावणी व्हायला वीस वर्षे लागली.

त्या कायद्याने प्रदेश ठेवला, पण त्यातला कस काढून दोन प्रांतांकडे दिला. शाळा, आरोग्य, रस्ते, घरबांधणी, शेती, पर्यटन यांचा कारभार आता बोल्त्सानो प्रांतच पाहतो. प्रांतात गोळा होणाऱ्या करांपैकी साधारण नऊ दशांश रक्कम प्रांताकडेच राहते, आणि पोलीस, न्यायालये व संरक्षण ही कामे रोमकडे आहेत. प्रांताच्या विधिमंडळात ३५ सदस्य असतात, त्रेंतोच्याही तितकेच. हे सत्तर जण एकत्र बसले की तेच प्रदेशाचे विधिमंडळ होते. ऑस्ट्रियाच्या काळातली जमीन नोंदणीची पद्धतही तिथे टिकून आहे. 'बंद शेत' ही जुनी रूढी १९५४ मध्ये प्रांताने कायद्याने परत आणली. तिच्यानुसार शेत, घर आणि गोठा हे सगळे मिळून एकाच वारसाकडे जाते. वाटण्यांनी जमिनीचे तुकडे होत गेलेले आपण पाहिले आहेत, त्यामुळे डोंगरउतारावरची ती एकसंध शेते पाहून महाराष्ट्रातल्या माणसाला नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. इतर भावंडांना पुरेसा मोबदला मिळतो का, हा प्रश्न तिथेही विचारला जातोच.

प्रश्न : तिथे सरकारी नोकरीसाठी आपण कोणत्या भाषेचे हे लिहून द्यावे लागते, हे खरे आहे का? (वाचक, नागपूर)

उत्तर : खरे आहे. प्रांतात तीन मान्य भाषागट आहेत : जर्मन, इटालियन आणि लादिन (डोलोमाइट डोंगरांतल्या खोऱ्यांची, लॅटिनमधून आलेली भाषा). २०११ च्या गणनेत त्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.४, २६ आणि ४.५ टक्के होते. सरकारी जागा गणनेतल्या प्रमाणानुसार वाटल्या जातात. त्यासाठी उमेदवाराला आपल्या भाषागटाची घोषणा करावी लागते. ती बंद पाकिटात न्यायालयात राहते आणि गरज पडेल तेव्हाच उघडली जाते. तिन्हींपैकी एकाही गटात न बसणाऱ्याने त्यातल्या एका गटाशी स्वतःला जोडून घ्यायचे असते. याशिवाय दोन्ही भाषांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि पदानुसार तिची पातळी बदलते. तिच्या दाखल्याला इटालियनमध्ये 'पातेंतीनो' म्हणतात.

हे का आले तेही पाहायला हवे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टपाल, रेल्वे यांसारख्या सरकारी खात्यांत जर्मनभाषक नावालाच होते. नागरिकाला त्याच्या भाषेत बोलण्याचा हक्क देऊन उपयोग काय, खिडकीपलीकडच्या माणसाला ती भाषा येत नसेल तर? या दृष्टीने पाहता व्यवस्था न्याय्य होती आणि तिने आपले काम केले, असे मी मानतो. पण तिची किंमतही आहे. ज्यांचे आईवडील दोन वेगळ्या भाषांचे, त्यांनी काय लिहावे? याच प्रांतातले नेते अलेक्झांडर लांगर यांनी लोकांना अशा कप्प्यांत बसवण्याला विरोध म्हणून १९८१ मध्ये घोषणा करण्यास नकार दिला. त्यांना शिक्षकाच्या नोकरीला मुकावे लागले, आणि १९९५ मध्ये बोल्त्सानोच्या महापौरपदाची निवडणूकही लढवता आली नाही. दोन गटांतील पूल बांधण्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला त्याच्याच शहरात उमेदवारी नाकारली जावी, ही त्या व्यवस्थेची सर्वांत दुखरी बाजू आहे.

शाळाही वेगळ्या आहेत. जर्मन शाळेत इटालियन आणि इटालियन शाळेत जर्मन ही दुसरी भाषा म्हणून शिकवतात. लादिन खोऱ्यांतल्या शाळांत मात्र विषय जर्मन आणि इटालियन यांत समसमान वाटलेले असतात आणि लादिनचे वेगळे तास असतात. त्यामुळे तिथली मुले तीन भाषांत वाढतात.

प्रश्न : पूर्व टिरोल हा तुकडा ऑस्ट्रियातच असूनही बाकीच्या टिरोलपासून तुटलेला दिसतो. तो कसा? (वाचक, ठाणे)

उत्तर : मधला दक्षिण टिरोल इटलीकडे गेल्यामुळे. लीन्त्स शहराचा तो जिल्हा टिरोल राज्यातच आहे, पण इन्सब्रुकला जोडणारी रेल्वे इनिखेन आणि ब्रेनर मार्गे, म्हणजे इटलीतून जाते. कित्येक वर्षे तिथून खास गाड्या धावत. इटलीच्या हद्दीत त्या थांबत नसत आणि प्रवाशांचे पासपोर्टही पाहिले जात नसत. एप्रिल १९९८ पासून, देशांमधली सीमेवरची तपासणी काढून टाकणाऱ्या शेंगेन करारामुळे ब्रेनरवरचा अडसरच निघाला आहे. २०११ मध्ये टिरोल, दक्षिण टिरोल आणि त्रेंतिनो यांनी मिळून एक सामाईक युरोपीय संस्थाही स्थापन केली.

प्रश्न : मी निपाणीचा. सीमाभाग म्हटले की आमच्याकडे आधी खेडे हाच घटक धरा असे म्हणतात. तिकडे असा काही विचार झाला का? (वाचक, निपाणी)

उत्तर : आपण पाटसकर सूत्राबद्दल बोलत आहात : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. दोन देशांमधली सीमा आणि दोन राज्यांमधली सीमा यांत मोठे अंतर आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्न एका मापाने मोजता येणार नाहीत. परंतु मोजणीचा घटक कोणता धरायचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच कळीचा आहे.

राष्ट्राची सीमा तिथे हलली नाही. प्रांताची सीमा मात्र गावे पाहून एकदा बदलली गेली. १९२७ मध्ये बोल्त्सानो प्रांत तयार झाला तेव्हा सालुर्नच्या आसपासचा जर्मनभाषक पट्टा मुद्दाम त्रेंतो प्रांतात ठेवला होता. १९४८ मध्ये ती गावे बोल्त्सानोला परत जोडली गेली. आज प्रांतात ११६ पालिका आहेत. २०११ च्या गणनेप्रमाणे त्यांपैकी १०३ मध्ये जर्मन, आठांमध्ये लादिन आणि पाचांमध्ये इटालियन बहुसंख्य होते. त्या पाचांत राजधानी बोल्त्सानो आहे, जिथे साधारण चारांपैकी तीन लोक इटालियन गटाचे आहेत. म्हणजे प्रांतात जे अल्पसंख्य ते राजधानीत बहुसंख्य आहेत, आणि कारभाराला दोन्ही आकडे रोज डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

लादिन लोकांच्या वाट्याला मात्र हा न्याय आला नाही. डोलोमाइट डोंगरांभोवतीच्या पाच खोऱ्यांत त्यांची वस्ती आहे. त्यांची भाषा लॅटिनमधून आलेली, पण इटालियनपेक्षा वेगळी आहे. फॅसिस्ट काळात ही खोरी तीन प्रांतांत वाटली गेली. गार्देना आणि बादिया बोल्त्सानोत राहिली, फासा त्रेंतोत गेले, आणि कोर्तिना द'आम्पेत्सो व शेजारची खोरी बेल्लुनो प्रांतात, म्हणजे व्हेनेतो या वेगळ्याच प्रदेशात गेली. युद्धानंतरही ती वाटणी तशीच राहिली. बोल्त्सानोतल्या लादिन मुलाला शाळेत आणि नोकरीत जे हक्क मिळाले, तेवढे कोर्तिनातल्या मुलाला मिळाले नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये कोर्तिना, लिव्हिनाल्लोंगो आणि कोल्ले सांता लुचीया या तीन पालिकांनी सार्वमत घेतले, आणि मोठ्या बहुमताने बोल्त्सानो प्रांतात जाण्याच्या बाजूने कौल दिला. त्या तिन्ही पालिका आजही व्हेनेतोतच आहेत.